टायट्रेशन आणि मॅडमचं एक वाक्य

ताणात असलेल्या मुलांना शिक्षकांनी समजून घ्यावं म्हटलं की कुणीतरी विचारतंच, "शिक्षक असे लाड करायला लागले तर मुलं खंबीर कधी होणार?" हे मत मला अजिबात पटलं नाही. माझ्या भाचीचंच सांगते. बारावीला ती घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला कॉलेजला जायची. त्या वर्षी तिचे बाबा आजारी होते. डबा, औषधं उरकून धावतपळत गाडी गाठायची. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन होतं, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून प्रमाण मोजायचं. शेवटच्या थेंबाला फिकट गुलाबी रंग टिकायला हवा. हिचा हात थरथरला आणि फ्लास्क गडद झाला, लागोपाठ दोनदा. ब्युरेट (थेंब सोडायची खुणांची काचनळी) पुन्हा भरताना तिला रडूच कोसळलं.

मॅडमनी सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. तिचा फ्लास्क स्वतः विसळून ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "पाणी पिऊन ये बाळा. रीडिंग गुरुवारी दुसऱ्या बॅचबरोबर घे."

यात लाड कुठे आले? प्रयोग तिलाच करावा लागला, मार्क कुणी वाढवले नाहीत. मिळाला तो फक्त वेळ. राज्य मंडळसुद्धा २०२३ पासून दहावी-बारावीच्या पेपरला शेवटची १० मिनिटं जास्त देतंच की!

आणि एखाद्या मुलाचा ताण याच्या पलीकडचा वाटला तर शिक्षकांनी तो एकट्याने पेलू नये. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यावर काम करते आहे. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास मोफत आहे. हा नंबर प्रत्येक वर्गात, फळ्याशेजारी लावा.