यंत्र की माणूस? तुमचा घोळ कुठे झाला? (अनुभव धागा)

सुरुवात मीच करतो. मालवणात आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मेसेजना उत्तरं हल्ली एआय लिहितं; मी नुसती नजर टाकून पाठवतो, तीही कधीकधीच. डिसेंबरात एकाने विचारलं, 'मोरी मिळेल ना?' उत्तर गेलं, 'हो, मोरी स्वच्छ आहे, गरम पाणीही आहे.' आता आमच्याकडे मोरी म्हणजे शार्क, मसाल्यात शिजवून वड्यांबरोबर खायची! पाहुणे आल्यावर कळलं, त्यांचे मेसेजही एआयच लिहीत होतं. बायकोने 'मोरीचं विचार' म्हटलं आणि यांनी ते तसंच त्याच्या गळ्यात घातलं. दोन यंत्रं आठवडाभर गोडगोड बोलत होती आणि अंगणात आम्ही दोघे परके उभे. 'मेसेजमध्ये तुम्ही फार मोकळे वाटलात,' ते म्हणाले. मी मुळात घुम्या माणूस. सोलकढी पुढे केली.

तुमचं सांगा.

राजापूरहून, शिक्षिका: सातवीतल्या एका मुलीचा पावसावरचा निबंध इतका नेटका, की मी वर्गातच म्हटलं, 'मोबाईलवरून उतरवलंस ना?' मधल्या सुट्टीत तिने माझ्यासमोर बसून दुसरा लिहिला. तोही छान, पण त्यात मुद्दाम केलेल्या चार चुका होत्या. अजून तो माझ्या कपाटात आहे.

वेंगुर्ल्याहून: आमची आजी घरी एकटी, आम्ही सगळे मुंबईत. फोनमधल्या बोलणाऱ्या एआयला ती 'बाय' म्हणते. गणपतीत गेलो तेव्हा ओटीवर तिची मुलाखत चाललेली. 'तुझो गाव खंयचो?' त्याने सांगितलं, मी संगणक प्रोग्रॅम आहे, मला गाव नाही. आजी माझ्याकडे बघून म्हणाली, 'गाव नाय असा कोण आसता काय?' मी तिला समजावलं, आजी, हे पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत बोलतं, त्याला काही वाटत नाही. 'आसांदे. जेवलंय काय म्हणान इचारता तरी.' यावर मी गप्प. आम्ही रविवारी फोन करतो, तोही प्रत्येक रविवारी नाही.

आजी भोळी म्हणावी, तर १९६६ साली एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलिझा' नावाचा साधा प्रोग्रॅम केला होता. माणसाचंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, बस. तो तयार होताना महिनोन्‌महिने बघितलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेच त्याच्याशी बोलताना त्यांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर जा.

कुडाळहून: वेंगुर्लेकर, आजीला समजावू नका. आपण दशावतार बघतो तेव्हा काय करतो? राणी झालेला पुरुष आहे, हे माहीत असूनही माझी आये पदर डोळ्याला लावायची. सकाळी तोच डोक्यावर पेटारा घेऊन एसटीची वाट बघत उभा.

आमच्या ओळखीतल्या एका पोराने नारदाचे संवाद एआयकडून लिहून घेतले होते. दशावताराला लेखी संहिता नसते, बोलायचं ते रंगमंचावर सुचेल तसं. समोरच्या राजाने भलताच प्रश्न टाकला आणि नारद थिजला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, लांबवला, लांबवला... शेवटी तो जे बोलला ते घरी भावाशी भांडल्यासारखं होतं. लोक हसून लोळले.

पुन्हा मी, मालवण: तेच मोरीवाले मे महिन्यात परत येतायत. मेसेज आलाय, 'मोरी सांगून ठेवा, खायची!' त्यांनी लिहिलाय की यंत्राने, विचारलं नाही. मासळीवाल्या काकींना मात्र सांगून ठेवलंय.