शब्द हवा : तुरुंगातला ‘मॅन-डे’

रेवती_प
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या खाजगी तुरुंगांवरचा लेख मराठीत आणतेय. बाकी लेख बरा चाललाय, एका शब्दापाशी मात्र चार दिवस अडून बसलेय. तिथे हे तुरुंग चालवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत, कोअरसिव्हिक आणि जिओ ग्रुप. दोन्ही शेअर बाजारात, त्यामुळे दरवर्षी हिशेब छापावा लागतो. त्या हिशेबात कमाईचं माप आहे ‘कॉम्पेन्सेटेड मॅन-डे’. एक कैदी एक दिवस आत राहिला आणि त्याचे पैसे सरकारने कंपनीला मोजले, की झाला एक. मी ‘मनुष्यदिन’ लिहिलं होतं. संपादकांनी समासात लाल शाईत एवढंच लिहून परत पाठवलं : ‘रोहयो?’

त्यांचं चूक नाही. मलाही वाचताना रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसंच दिसायला लागली. पर्याय सुचवा. ‘भरपाईप्राप्त मनुष्यदिवस’ म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.

नाना_वाईकर
संपादक जाणकार दिसतात. नोकरीतली निम्मी वर्षं रोहयोच्या मस्टरवर गेली, म्हणून सांगतो. ७२ च्या दुष्काळातली कामं आणि ७७ चा कायदा यातून हा शब्द आमच्या तोंडात बसला. मस्टरवर नाव, नावापुढे तारखांची घरं, आला त्या दिवशी घरात खूण. शंभर बायामाणसं सहा दिवस आली की सहाशे मनुष्यदिन. आणि त्या प्रत्येक घराची मजुरी त्याच माणसाच्या हातात पडायची, उशिरा का होईना. तुमच्या हिशेबात माणूस नुसता आत असतो आणि पैसे तिसऱ्याला. एकाच शब्दात दोन्ही कसं कोंबणार?

शुद्धलेखक
मूळ प्रश्नाकडे नंतर येतो. आधी ‘खाजगी’ दुरुस्त करा. शब्द ‘खास’वरून आला आहे, म्हणून ‘खासगी’. संपादकांना लाल शाई यासाठी वापरायला हवी होती.

मोल्सवर्थप्रेमी
बोलताना अख्खा महाराष्ट्र ‘खाजगी’ म्हणतो, आपण एकटे किती दिवस किल्ला लढवणार? पण ‘खासगी’ निघालाच आहे तर : होळकरांच्या दौलतीत ‘सरकारी’ एकीकडे आणि ‘खासगी’ दुसरीकडे. खासगीचं उत्पन्न घराण्याच्या हातचं. आत्ता चाललंय त्याच्या बरोबर उलटं. कैदी सरकारी आणि उत्पन्न खासगी.

सुलभा_जोगळेकर
रेवती, एक भाबडा प्रश्न. कैदी सुटला, खाट रिकामी राहिली, तर कंपनीचा तेवढा दिवस बुडतो ना? की आमच्या मेससारखं? पेठेत राहून शिकत होते तेव्हा मेसवाल्या मावशी खाडा धरायच्या नाहीत. गावाला जा, आजारी पडा, महिन्याचे पैसे पूर्ण. चार दिवस आधी सांगितलं तरी ‘तुमचा भात शिजतोच हो’ असं उत्तर.

रेवती_प
काकू, भाबडा कसला, तुम्ही नेमकं दुखणंच धरलंत. कित्येक करारांत खाडा नाहीच. कोअरसिव्हिकचं जुनं नाव करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका. तिने २०१२ मध्ये ४८ राज्यांना पत्र पाठवलं : तुमचे तुरुंग आम्हाला विका, आम्ही चालवतो. अट वीस वर्षांच्या कराराची, आणि तुरुंग किमान ९० टक्के भरलेला ठेवण्याची. आदल्याच वर्षी ओहायोने लेक एरीचा तुरुंग तिला विकला होता, ७ कोटी २७ लाख डॉलरना. ॲरिझोनात किंगमनच्या तुरुंगातून २०१० मध्ये तीन कैदी पळाले. तो तिसऱ्याच एका कंपनीचा. राज्याने तिथे नवे कैदी पाठवणं थांबवलं, तर कंपनीने करारातल्या ९७ टक्क्यांवर बोट ठेवलं. शेवटी राज्याने रिकाम्या खाटांचे तीस लाख डॉलर मोजले. कैदी पळाले कंपनीच्या हातून आणि भुर्दंड राज्याला.

आता गंमत ऐका. जिओ ग्रुपची ‘मॅन-डे’ची व्याख्या दोन तुकड्यांत आहे. जिथे डोईगणिक दर आहे तिथे भरलेल्या खाटा मोजायच्या. जिथे उक्ता दर आहे तिथे तुरुंगाची क्षमता गुणिले दिवस. म्हणजे हजार खाटांच्या उक्त्या तुरुंगात सातशेच जण असले तरी त्या दिवसाचे मॅन-डे हजार. माणूस नसलेला मनुष्यदिन! आता यात ‘मनुष्य’ तरी कशाला ठेवू?

सुलभा_जोगळेकर
मग ‘खाटदिवस’ म्हण. आणि रिकाम्या खाटेला ‘भाकड खाट’.

नाना_वाईकर
‘भाकड खाट’ झकास. पण काकू, भाकड गाय दूध देत नाही. ही भाकड असूनही देते आहे.

शुद्धलेखक
‘खाट’ रुग्णालयाची. वाचकाला वाटेल लेख सिव्हिल हॉस्पिटलवर आहे. ‘शय्यादिन’ सुटसुटीत.

सुलभा_जोगळेकर
शय्या म्हटलं की मला शेषशायी विष्णू दिसतो. तुरुंगात नको.

मोल्सवर्थप्रेमी
खाटेवरून उठा आता. शब्द आपल्याकडे तयार आहे : मक्ता. पेशवाईत जकातीचा, महालाचा मक्ता द्यायचे. सरकारला ठरलेली रक्कम, वर जे निघेल ते मक्तेदाराचं. इजारा, खंड ही त्याचीच भावंडं. अमेरिकेत हे शब्दशः झालेलं आहे. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी संपवली, पण एक फट ठेवली : गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर चालेल. त्या फटीतून दक्षिणेतल्या राज्यांनी कैदी खाणींना, मळ्यांना, रेल्वेच्या कामांना मक्त्याने दिले. बहुतेक काळे, कित्येक तर रिकामटेकडं फिरण्याच्या गुन्ह्यात धरलेले. अलाबामात हे १९२८ पर्यंत चाललं. गुलाम विकत घेतलेला असायचा, मेला तर मालकाचं नुकसान. मक्त्याचा कैदी मेला तर दुसरा आणायचा. ‘भाड्याचे घोडे ओझ्याने मेले’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही.

तेव्हा रेवतीताई, लेखभर ‘मक्त्याचे तुरुंग’ लिहा.

रेवती_प
‘मक्त्याचे तुरुंग’ आवडलं. पण फरक आहे ना? तेव्हा मक्तेदार सरकारला पैसे द्यायचा, आता सरकार मक्तेदाराला देतं.

मोल्सवर्थप्रेमी
मग उलटा मक्ता म्हणा. शब्दाचा हट्ट मी सोडणार नाही.

बंडू_परखड
एवढा घोळ कशाला? ‘नफेखोर तुरुंग’. संपलं. कळतं, टोचतं, मथळ्यात बसतं.

शुद्धलेखक
‘खोर’ म्हणजे खाणारा. चुगलखोर, लाचखोर, हरामखोर. हा शब्द लावला की निकाल आधीच लागला. अनुवादकाने मूळ लेखकाच्या तोंडात शिवी घालू नये. ‘नफातत्त्वावरील कारागृहे’ म्हणावे.

बंडू_परखड
‘नफातत्त्वावरील’ वाचून माणूस पान उलटेल. आणि निकाल आधी लावला म्हणता, कोर्टानेही लावलाय की. पेनसिल्व्हेनियात लुझर्न काउंटीचा बाल न्यायालयाचा न्यायाधीश, पोरांना क्षुल्लक कारणांवरून आत टाकायचा आणि खाजगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून पैसे घ्यायचा. २०११ मध्ये त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली. आता याला ‘नफातत्त्व’ म्हणू?

शुद्धलेखक
त्याला लाचखोरी म्हणा, बरोबरच आहे. पण करार करून, कर भरून नफा मिळवणाऱ्या कंपनीला नफेखोर म्हणताना आपण कायद्याबद्दल बोलतोय की नीतीबद्दल, ते ठरवा. भाषेने दोन्ही एकत्र कालवू नये.

टकोमाकर
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी वॉशिंग्टन राज्यात टकोमाजवळ राहतो. इथे जिओ ग्रुपचं एक केंद्र आहे, पण आत कैदी नाहीत. म्हणजे गुन्ह्यासाठी शिक्षा झालेले नाहीत, स्थलांतराच्या कागदपत्रांचा निकाल लागेपर्यंत धरून ठेवलेले लोक. त्यांना मराठीत काय म्हणायचं यावर आमच्याकडे एकदा जेवणाच्या टेबलावर वाद झाला होता. बाबा म्हणाले ‘स्थानबद्ध’. आई म्हणाली, स्थानबद्ध म्हटलं की आणीबाणी आठवते.

सांगायचं होतं ते वेगळंच. आतली साफसफाई, धुणी, स्वयंपाकातली मदत हेच लोक करायचे. रोज दिवसाला एक डॉलर. राज्यातलं किमान वेतन तेव्हा तासाला १३ डॉलर ६९ सेंट. २०२१ मध्ये ज्युरीने या लोकांना १ कोटी ७३ लाख डॉलर द्यायला सांगितले. कंपनीचं म्हणणं, काम ऐच्छिक होतं. कार्यक्रमाचं नावच ‘व्हॉलंटरी वर्क प्रोग्रॅम’. रेवतीताई, तुमच्या लेखात हे असेल तर ‘व्हॉलंटरी’ला श्रमदान म्हणू नका, एवढी विनंती.

नाना_वाईकर
श्रमदान! आमच्या गावचा पाझर तलाव श्रमदानातला. नका हो तो शब्द बाटवू. ही सरळ वेठ आहे.

मोल्सवर्थप्रेमी
वेठ आली संस्कृत ‘विष्टि’वरून, बिगार फारसीतून. ‘वेठबिगार’ म्हणजे तीच गोष्ट दोनदा, कागदपत्रासारखी. आपल्या घटनेच्या २३ व्या कलमात इंग्रजी मसुद्यातही ‘बेगार’ हाच देशी शब्द ठेवलाय, इंग्रजीत त्याला जोड मिळाली नाही म्हणून.

शुद्धलेखक
जोड मिळाली नाही म्हणून, हे तुम्ही घटना समितीत बसून ऐकलंत का?

मोल्सवर्थप्रेमी
नाही. पण दुसरं कारण असलं तर सांगा.

माजी_जेलबाबू
जेलच्या कचेरीत कारकून होतो. काही दुरुस्त्या.

१९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं : सक्तमजुरीची शिक्षा असलेल्याकडून काम घेणं वेठबिगार नाही, पण कामाचं रास्त वेतन द्यावंच लागेल. म्हणजे ‘सक्तमजुरी’ या आपल्या शब्दात सक्ती आहे आणि मजुरीही आहे. फार जणांना तो नुसता ‘कष्ट’ या अर्थाने वाटतो. वर्तमानपत्रं ‘सश्रम कारावास’ छापायला लागली की त्यातली मजुरी गळते.

दुसरं, आमच्या कागदांत ‘कैदी’ नसतो, ‘बंदी’ असतो. शिक्षाबंदी, न्यायबंदी. बाहेरचे लोक न्यायबंद्याला कच्चा कैदी म्हणतात. तिसरं, तुमच्या ‘मॅन-डे’च्या जवळचं आमच्याकडे रोजचं काम होतं, गिनती. सकाळी बराक उघडताना गिनती, संध्याकाळी बंद करताना गिनती. आकडा जुळला नाही तर कुणी घरी जायचं नाही. एकदा एक आकडा कमी आला. तासभर शोधाशोध. म्हातारा बंदी बराकीच्या कोपऱ्यात घोंगडी डोक्यावरून घेऊन झोपलेला सापडला. त्याची मुलाखत होती त्या दिवशी आणि घरून कुणी आलं नव्हतं.

आणि खाटांचं म्हणाल तर आपल्याकडे ९० टक्क्यांची हमी मागायची गरजच नाही. २०२२ च्या सरकारी आकड्यांत देशभरचे तुरुंग १३१ टक्के भरलेले होते, आणि आतल्या चारांतले तीन न्यायबंदी. खाट कसली, सतरंजीवर कूस बदलायची तर शेजाऱ्याला विचारून.

रेवती_प
बाबू, तुमचा ‘गिनती’ शब्द चोरू का? ‘दामाची गिनती’? नाही, नको. आता मीच वाहवत चाललेय.

मांडवीकाठचा
तुम्ही सगळे ‘तुरुंग’ इतक्या सहज लिहिताय, तो पोर्तुगीज आहे हे माहीत आहे ना? ‘त्रोंक’. म्हणजे झाडाचं खोड, आणि खोडा, ज्यात पाय अडकवतात तो. आमच्या गोव्याच्या दाल्गादोंनी, पोर्तुगीज शब्दांचे कोशकार ते, नोंदवून ठेवलंय. गोव्यातून वर घाटावर गेला.

शुद्धलेखक
म्हणूनच मी कायम ‘कारागृह’ लिहितो.

मांडवीकाठचा
लिहा की. पण कारागृह फोडल्याचं कधी ऐकलंय? फोडतात तो तुरुंगच.

बंडू_परखड
अवांतर : मग ‘हातावर तुरी देऊन पळाला’ यातली तुरी तुरुंगाचीच का? पोलिसांच्या हातावरच देतात नेहमी.

मोल्सवर्थप्रेमी
अजिबात नाही. ती तूरडाळीची तूर.

सुलभा_जोगळेकर
तूर हातावर ठेवल्यावर माणूस पळतो कसा, ते मला आजवर कळलेलं नाही. आमची आजी सांगायची, कोंबड्यांना दाणे टाकून नजर चुकवतात तसं. पण कोंबड्यांना तूर कोण घालतं?

रेवती_प
मंडळी, अंक सोमवारी छपाईला जातोय. सध्या ‘खाटदिवस’ लिहून अवतरणात टाकलंय. संपादकांनी त्याच्याभोवतीही लाल गोल केलाय, पुढे काहीच लिहिलेलं नाही.

नाना_वाईकर
गोल म्हणजे होकार असू शकतो. आमच्याकडे मस्टरवर गोल म्हणजे गैरहजर असायचा, ते सोडा. तुरीचा धागा कुणीतरी वेगळा काढा, आमच्याकडे त्याची तिसरीच गोष्ट सांगतात.