सावंतवाडीचा राजवाडा: आईला घेऊन जायचंय, काय बघावं, काय घ्यावं?

केतकी_पुणे: सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा (जुने गोल पत्ते) रंगवताना बघायला मिळतं म्हणे. दोन तास पुरतील? हाताने रंगवलेलं काहीतरी घ्यायचंय, हजाराच्या आत. आईचे गुडघे दुखतात, जिने किती?

मोतीतलाव_कट्टा: पुरतील. कारागीर दरबार हॉलमध्येच बसतात. रुपयाएवढ्या जागेत बारीक कुंचल्याने मत्स्य अवताराच्या पानावरचे दहा मासे काढताना बघाच. दुपारी जेवणाच्या वेळेत बंद असतं, सकाळी जा.

दादरकर: तुतारी एक्स्प्रेस! फक्त तारीख बघून तिकीट काढा, गाडी दादरहून रात्री १२ नंतर सुटते. मेव्हण्याची अशीच चुकली. स्टेशन गावापासून लांब, रिक्षावाला म्हणेल तो भाव.

गोट्या: पुण्याची आहे हो ती.

कलासक्त: हजारात काय येणार? अख्खा दशावतारी संच घ्या, १२० पानं. आमच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलाय, पाहुणे आधी तिकडेच वळतात.

आजोबा_बेळगावी: फ्रेम कसली? खेळायचे पत्ते आहेत ते! दिवसा रामाने उतारी, रात्री कृष्णाने. आणि गंजिफा ९६ पानांची असते.

कलासक्त: ९६ ची मोगल. दशावतारी म्हणजे दहा अवतार, प्रत्येकी १२. मोजा.

आजोबा_बेळगावी: आमच्या घरात ९६ चीच होती.

रेणू_म: मी ऑनलाइन मागवली, छापील निघाली. भिंगाखाली ठिपके दिसले की समजावं. हातच्या कामात दोन मासे तंतोतंत सारखे नसतात. राजवाड्यातूनच घ्या. इथले राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींनी म्हाताऱ्या कारागीर पुंडलिक चितारींना गाठून ही कला वाचवली, नाहीतर संपलीच होती.

गावठी_वडा: चितारआळीत लाकडी फळं-भाज्या घ्या, बजेटात बसतात. मुलं वांग्याला चावून बघतात.

कलासक्त: फळं सगळेच आणतात.

पाहुणा_मी: आम्ही तर राजवाड्यातच राहिलो, आता तिथे हॉटेलही आहे. दोन तासांत काय बघणार!

दादरकर: +१. आणि दुपारी बंद असतं बरं का.

केतकी_पुणे: आईने सगळा धागा वाचला. तिला ना पत्ते हवेत ना वांगी. देवापुढे ठेवायला दशावतार रंगवलेला पाट हवाय, आणि पैसे तीच देणार म्हणून बजेट रद्द. तुतारीही नाही. कोल्हापूरहून मावशीला गाडीत घालून आंबोलीमार्गे उतरतोय. जिन्यांचं मात्र एकानेही सांगितलं नाहीत.