चेक आर्किटेक्ट यान कोतेराला 'फुलापानांचा', म्हणजे नुसत्या नक्षीचा, म्हणून निकालात काढू नका

वीटबांधणी: 'चेक आधुनिक वास्तुकला 1912 ला प्रागच्या ब्लॅक मॅडोनाच्या घरापासून सुरू होते, त्याआधी नुसती फुलंपानं.' कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही. ते घर बांधणारा योसेफ गोचार विद्यार्थी कोणाचा? कोतेराचा! शिक्षणानंतर कामालाही त्याच्याकडेच. आर्किटेक्ट ओटो वागनरकडे व्हिएन्नात शिकलेला हा कोतेरा 1898 पासून प्रागच्या उपयोजित कला विद्यालयात शिकवत होता. त्याचं ह्रादेत्स क्रालोवे या चेक शहरातलं संग्रहालय (1909-12) बघा. वीट उघडी ठेवलीय, गिलाव्याखाली लपवलेली नाही. याला फुलंपानं म्हणायचं?

गच्चीवरचा: पोस्ट माझीच, आणि मी ठाम आहे. प्रागच्या वेन्सेस्लास चौकातलं कोतेराचंच पेतेर्का घर (1899-1900) कुठे गेलं तुमच्या यादीतून? त्याच्यावर फुलंपानंच आहेत. संग्रहालयाच्या दाराशी शिल्पकार सुखार्दाच्या भल्याथोरल्या मूर्ती, माथ्यावर घुमट. अर्ध्या वाटेवर थांबलेला माणूस. आणि शिष्यांच्या कामाचं श्रेय गुरूला कशासाठी?

ओळंबा: शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन. मी उमेदीची वर्षं एका मोठ्या आर्किटेक्टकडे घालवली. रात्री जागून ड्रॉइंग आम्ही काढायची, बक्षीस साहेबांना, आमचं नाव कुठेच नाही. गुरूचं कौतुक ऐकलं की डोकं फिरतं.

वीटबांधणी: तुमचा राग रास्त आहे, पण तो कोतेरावर काढू नका. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी गोचार क्युबिझमकडे (कोनाकोनांच्या भौमितिक शैलीकडे) गेला, क्रेयत्सार काच-काँक्रीटकडे, फुक्सने ब्रनो शहरात स्वतःची वाट काढली. तिघांचं काम एकमेकांसारखं नाही, गुरूसारखंही नाही. साचे पाडणाऱ्या मास्तराचे विद्यार्थी असे निघत नाहीत.

ओळंबा: म्हणजे आमच्या हातून काही झालं नाही, तो आमचाच दोष? जरा जपून लिहा.

वीटबांधणी: असं मी कुठेही म्हटलेलं नाही. 1923 ला कोतेरा गेला तेव्हा त्याने आखलेली प्रागच्या विधी विद्याशाखेची इमारत व्हायची होती. ती लादिस्लाव माखोन्यने 1929 ला पुरी केली, आणि त्याचं नाव आजही सोबत घेतलं जातं. तुमच्या साहेबांनी तेवढंही केलं नाही.

पाणीपुरवठा: गुरू-शिष्य पुरे झालं. मी जन्मभर जलवाहिन्या आणि टाक्यांवर काम केलं, म्हणून सांगतो, कोतेराचा प्रागमधल्या व्रशोवित्से जलकेंद्राचा मनोरा (1906-07) बघा. विटांचा, सरळ, डौलदार. आमच्याकडे टाकी म्हटलं की देखणेपणाचा विषयच कोणी काढत नाही. मी काढला तेव्हा 'पाणी साठतंय ना?' एवढंच उत्तर मिळालं.

गच्चीवरचा: मनोऱ्याचे फोटो पाहिले. बरं, तो आधुनिक आहे. पण पेतेर्का घराबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

वीटबांधणी: नका घेऊ. पोस्टमधलं 1912 तेवढं खोडा.