मदत हवी आहे : बाबांच्या किडनीचा रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. बाबा ६४ वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मागच्या आठवड्यात क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.६ आलं, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज) ४८. लॅबमध्ये त्या आकड्याखाली लाल रेघ मारून दिली. ती रेघ बघून आई रात्री जेवलीच नाही.

तेव्हापासून वाचतेय. नुसत्या क्रिएटिनिनवर भागत नाही; वय आणि स्त्री की पुरुष हे धरून त्यावरून ईजीएफआर काढतात. तो किमान ३ महिने ६० च्या खाली राहिला, किंवा लघवीतून अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तेवढाच काळ जात राहिलं, तर किडनीचा जुनाट आजार धरतात. एका रिपोर्टवर नाही. बाबा तर त्या आठवड्यात भर उन्हात लग्नाच्या पत्रिका वाटत हिंडत होते, पाणी जेमतेम, वर गुडघ्यासाठी रोज पेनकिलर. यानेही क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं ना? डॉक्टरांना फोन करून पेनकिलर लगेच बंद केली.

लघवीची एसीआर तपासणी (अल्ब्युमिन किती जातं ते क्रिएटिनिनच्या प्रमाणात बघतात ती) अजून झालेली नाही. ती आता करावी की ३ महिन्यांनी ईजीएफआरसोबत? कपाटात दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला, त्यात क्रिएटिनिन १.३ होतं. म्हणजे हे आधीपासूनच सुरू होतं का, याचीच धास्ती वाटते. सोनोग्राफीत किडनीचा आकार बघतात म्हणे, तीही करून घ्यावी का?

इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात किंवा धंतोलीत कुणी किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं असेल, तर पहिल्या भेटीला कोणकोणते कागद न्यावेत तेवढं सांगा. सोमवारी जायचं आहे.