मदत हवी आहे: प्रायमरीत गणिताची टीम कशी उभी करायची?

नमस्कार मंडळी, मी माहीमच्या एका कॅथलिक शाळेत प्रायमरीला शिकवते, यंदा प्रिन्सिपल सिस्टरनी पहिली ते चौथीच्या गणिताची जबाबदारी माझ्यावर दिलीय, म्हणजे माझा वर्ग तर आहेच पण बाकीच्या टीचर्सना सोबत घेऊन पुढे न्यायचं.

मुलांची अडचण अशी की ५२ वजा २७ दिलं की बरीचशी मुलं ३५ लिहितात, ७ मोठे म्हणून ७ मधून २ घालवतात, आणि ज्यांचं उत्तर बरोबर येतं त्यांनाही हातचा का घेतला ते विचारलं तर सांगता येत नाही. दशक-एककच पक्कं नाहीये. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे देऊन, एक गठ्ठा सोडून दाखवला की लगेच कळतं त्यांना, पण हे सगळ्या वर्गांत व्हायला पाहिजे ना! निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये आलं, तिसरीपर्यंत पायाभूत गणित यायलाच हवं असं त्यात आहे, पण पोर्शनच्या घाईत काड्या कपाटातच राहतात.

खरा प्रश्न मोठ्या टीचर्सचा. त्या मला खूप सीनियर आहेत, त्यांच्या वर्गात मी मागे जाऊन बसले तर इन्स्पेक्शन वाटणार, आणि ते मला अजिबात नकोय, त्यांच्याकडून मलाच किती शिकायचंय. आधी त्यांना माझ्या वर्गात बोलवू का? की शनिवारी सगळ्यांनी मुलांच्या वह्या घेऊन एकत्र चुका बघायच्या? कुणी केलं असेल तर प्लीज नीट सविस्तर सांगा, सुरुवात कुठून केली आणि सीनियर टीचर्स कशा तयार झाल्या?