मदत हवी आहे: बोटीच्या मर्क्रुझर ५.७ इंजिनमधून ३५० एचपी काढायची आहे, ते वाढवून ३८३ घनइंचाचं बांधू का?

रेवस_पलीकडे
बोट २१ फुटी, मुंबई बंदर ते मांडवा आणि मागे. इंजिन मर्क्रुझर ५.७ (शेव्हरोलेचं ३५० घनइंची), व्होर्टेक हेड, दोन बॅरलचा कार्ब (कार्बोरेटर), २५० एचपी. खाली अल्फा वन ड्राइव्ह (इंजिनची ताकद प्रॉपपर्यंत नेणारा भाग), गिअर १.५०, प्रॉप १९ पिच (एका फेऱ्यात १९ इंच पुढे). पूर्ण थ्रॉटलला ४६०० आरपीएम आणि जीपीएसवर ४१ नॉट. कूलिंग थेट समुद्राच्या पाण्यावर. पावसाळ्यासाठी बोट वर काढली आहे.

प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, आकडे पीएसआयमध्ये. डाव्या बाजूचे १-३-५-७ असे: १४८, १५०, ९५, १००. उजवीकडचे चारही १४५ ते १५२.

बेत असा: ३० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त बोअर, ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक, फ्लॅट टॉप पिस्टन, कॅमचं ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश) ५० थाउवर २३६/२४२ आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन) १०८, वर गाडीचा ७५० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा) डबल पंपर कार्ब. हेड तेच. पेट्रोल शहरातल्या पंपावरचं साधं. काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

तीस_थाउ
आधी ५ आणि ७ बघा. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडलेत, म्हणजे रिंगांपेक्षा त्यांच्यामधली हेड पॅकिंग गेल्याचा संशय जास्त. ५ मध्ये हवा भरा आणि ७ च्या प्लगच्या भोकाशी कान लावा, फुसफुस ऐकू आली की निकाल लागला. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात लागोपाठ पेटतात आणि शेजारी बसतात, म्हणून तो कोपरा नेहमी जास्त तापतो. पॅकिंग गेली असेल तर डेक (ब्लॉकचा वरचा सपाट भाग) आणि हेड दोन्हींवर सरळपट्टी ठेवून फिलर गेज घाला.

आता ब्लॉक. खाऱ्या पाण्यावर चाललेला ब्लॉक डोळे झाकून बोअरिंगला देऊ नका. दोन्ही बाजूंचे ड्रेन प्लग काढून आत तार फिरवा. गंजाचे पापुद्रे आणि वाळू निघतेच, ती किती निघते ते बघायचं. मग ब्लॉक उकळून साफ करून घ्या, प्रेशर टेस्ट करा, सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजा. बोअरनंतर थ्रस्ट बाजूला १२० थाउ उरत नसतील तर दुसरा ब्लॉक शोधा. कुर्ल्याचा असो की कुठलाही, गाड्यांचा लेथवाला ही पायरी आपणहून करत नाही, तुम्ही मागायची.

कॉम्प्रेशन रेशोचा हिशेब. ४.०३० बोअर आणि ३.७५ स्ट्रोक धरला तर एका सिलिंडरचं आकारमान साधारण ७८४ सीसी. चेंबर ६४, ३९ थाउची पॅकिंग ८.४, पिस्टन डेकच्या २५ थाउ खाली म्हणजे ५.२, फ्लॅट टॉपच्या व्हॉल्व्ह खाचा ५. बेरीज ८२.६, रेशो १०.५. साध्या पेट्रोलवर बोटीत हे इंजिन एक सीझन काढणार नाही. डेक फेसिंग करून पिस्टन ५ थाउ खाली ठेवा आणि २२ सीसीचा डी आकाराचा डिश पिस्टन घ्या. रेशो ९.२ येतो, आणि पिस्टनचा सपाट भाग हेडपासून ४४ थाउवर राहतो. हे अंतर महत्त्वाचं आहे. डेक न घासता जाड पॅकिंग टाकून रेशो उतरवला तर मिश्रण नीट पिळलं जात नाही आणि कमी रेशोवरही इंजिन ठोकतं (मिश्रण आपोआप पेटून ठोके देतं).

क्रँक मागवताना मागचं सील विचारा: १९८६ पासूनच्या ब्लॉकला अखंड सील आहे, त्याआधी दोन तुकड्यांचं. फ्लायव्हील त्याच जातीचं हवं, नाहीतर बॅलन्स गेला. असेंब्लीच्या वेळी कॉनरॉडचा बोल्ट कॅमच्या लोबपासून निदान ५० थाउ लांब हवा. ब्लॉकच्या खालच्या कडेलाही तो घासतो. तिथे थोडं ग्राइंड करावंच लागतं, ते आधी करा, मग धुवा. वरच्या रिंगचा गॅप १८ थाउ. बोट अर्धा तास सलग लोडवर चालते, गॅप कमी पडला तर टोकं भिडतात आणि पिस्टनची कड तुटते.

खारा_वारा
कॅमबद्दल कोणी बोललं नाही. हा कॅम विसरा.

बोटीच्या एक्झॉस्टमध्ये पाणी असतं. लांब ड्युरेशन आणि १०८ सेपरेशन म्हणजे ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) मोठा. आयडलला दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असताना मॅनिफोल्डमधली हवा उलटी ओढली जाते आणि रायझरमधलं (मॅनिफोल्डवरच्या एक्झॉस्ट पाइपमधलं) पाणी घेऊन सिलिंडरमध्ये येते. आधी प्लगवर तांबूस गंज, मग व्हॉल्व्ह चिकटणं, शेवटी हायड्रोलॉक (पाण्याने इंजिन जाम). लॉग मॅनिफोल्ड (बोटीचा मूळ साधा एक्झॉस्ट) ठेवणार असाल तर इनटेक ड्युरेशन २१८ ते २२० ठेवा आणि सेपरेशन ११२ च्या खाली नेऊ नका. शिवाय ३८३ ला मोठ्या कॅमची गरजच नाही. मर्क्रुझरचं एमएक्स ६.२ हे हाच ३.७५ स्ट्रोक आणि चार इंची बोअर, आणि कंपनीने त्यातून ३२० एचपी दिली. जोर ४८०० च्या आत हवा. बोटीत गिअर बदलून आरपीएम वर नेता येत नाही.

व्होर्टेक हेडला मूळ स्प्रिंग आणि गाइडवर ४६० थाउच्या पुढे लिफ्ट देऊ नका. जास्त हवी तर स्प्रिंग बदला आणि गाइड बॉस कापून घ्या. व्हॉल्व्ह सीटच्या मधे तडे जातात, म्हणून हेडही प्रेशर टेस्टला द्या. ॲल्युमिनियम हेडचा मोह होईल. थेट समुद्राच्या पाण्यावर ती टिकत नाहीत, आधी क्लोज्ड कूलिंग (इंजिनमध्ये समुद्राऐवजी कूलंट फिरवणारी व्यवस्था) बसवावं लागेल.

गाडीचा कार्ब नको म्हणजे नकोच. त्याचे व्हेंट बाहेर उघडतात. ओव्हरफ्लो झालं की पेट्रोल इंजिनच्या खोलीत. मरीन कार्बमध्ये ते घशात परत जातं. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, अल्टरनेटर, पेट्रोल पंप, सगळ्यांना हाच नियम: ठिणगी बाहेर न जाणारे मरीनचेच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळात साचते. आणि ७५० लागतोय कशाला? ३८३ गुणिले ५००० भागिले ३४५६ म्हणजे ५५४ सीएफएम, तेही शंभर टक्के भरलं तर. ६०० ते ६५० चा व्हॅक्यूम सेकंडरी पुरून उरतो.

रेवस_पलीकडे
पटलं. डिश पिस्टन आणि छोटा कॅम. पण परदेशी बिल्डर ९.५ रेशोला ८९ ऑक्टेन पुरेल म्हणतात, आणि आपल्याकडे साधंच ९१ असायचं ना? आणि ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) चं काय?

पंपावरचं
इथे बरेच जण फसतात. आपलं ई-२० च्या आधीचं ९१ हे आरओएन (रिसर्च ऑक्टेन). अमेरिकन पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन) यांची सरासरी असतो. आपलं ९१ म्हणजे त्यांचं साधारण ८७. त्यांच्या ८९ साठी इथे ९५ चं घ्यावं लागेल. ९.२ ठेवलात तर ९१ वर चालेल, पण टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते) एकूण ३० अंशांपासून सुरू करा आणि प्लग वाचत ३२ च्या पुढे जाऊ नका. ठोका ऐकून उतरवू म्हणाल तर पूर्ण थ्रॉटलच्या आवाजात तो ऐकूच येत नाही.

ई-२० ला हवा-पेट्रोल प्रमाण साधारण १३.५, शुद्ध पेट्रोलला १४.७. कार्बला हे कळत नाही, तो सरळ लीन होतो (पेट्रोल कमी पडतं). म्हणून जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) मोठे लागतील. इथेनॉल पाणी ओढतं. आपल्या दमट हवेत अर्धी टाकी पावसाळाभर राहिली तर पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसतं, आणि इंजिन ओढतं तळातूनच. टाकी रिकामी करूनच बोट ठेवा. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा, जुने रबरी पाइप बदला.

पिच_मोजा
शेवटची गोष्ट, पैसे क्रँकवर संपण्याआधी. अल्फा वनची हद्द ३०० एचपीच्या आसपास धरतात. ३५० टाकलेत तर थांबलेल्या बोटीतून एकदम थ्रॉटल उघडणं बंद, आणि लाटेवरून उडून प्रॉप हवेत गेला की हात मागे. नाहीतर वरच्या गिअरचे दात जातात. मर्क्रुझरचा जास्त मजबूत ब्राव्हो ड्राइव्ह परवडत असेल तर तोच बरा.

प्लेनिंग बोटीत वेग एचपीच्या वर्गमुळाने वाढतो. २५० वरून ३५० म्हणजे १८ टक्के, तुमचे ४१ नॉट ४८ होतील. तोच १९ पिच ठेवला तर आरपीएम ५३०० च्या पुढे जातो. २१ पिच लावा, ४८०० ला येईल. जीपीएसवर ४६ च्या खाली राहिलात तर आधी इंजिनला शिव्या देऊ नका, बोटीचा तळ बघा. महिनाभर पाण्यात राहिलेल्या तळावरचे कालव-शिंपले यातलं बरंच खातात.

रेवस_पलीकडे
ड्राइव्हचा विचार करतो. कॅम फ्लॅट टॅपेट (लोबवर रोलरऐवजी सपाट टॅपेट घासणारा) घेतला तर रन-इन (नवा कॅम बसवून घेण्यासाठी पहिलं चालवणं) किनाऱ्यावर, नळाच्या पाण्यावर होईल का?

तीस_थाउ
फ्लॅट टॅपेटला सुरू होताच २० मिनिटं २००० च्या वर ठेवावं लागतं, आयडल अजिबात नाही. ड्राइव्हला लावलेला बागेचा पाइप त्या आरपीएमला कमी पडतो, पंपाचा इम्पेलर कोरडा फिरून जळतो. ड्राइव्ह बुडेल असा मोठा पिंप घ्या, प्रॉप काढून ठेवा, दोन पाइपांनी पाणी भरत राहा. ऑइलमध्ये झिंक असलेलं ॲडिटिव्ह घाला. ब्लॉक रोलरचा असेल तर रोलर कॅमच घ्या, ही कटकट वाचते. फक्त डिस्ट्रिब्युटरचं गिअर कॅमच्या धातूला चालणारं आहे का ते विक्रेत्याला विचारा. चुकीचं बसलं तर त्याचा चुरा थेट ऑइलमध्ये जातो.